नऊ गुण, ‘मिक्स्ड’ शेरा आणि तुझे पाच हजार

तुझा प्रश्न असा: नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येतोय. तुझ्याकडे पीएस ५ आहे, मित्राकडे गेमिंग लॅपटॉप. मागच्या वेळी अशाच एका गेमला परदेशी साइटवर १० पैकी ९ मिळाले होते, स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, त्याच गेमला ‘मिक्स्ड’ शेरा होता, आणि तू बघतोस तो युट्यूबर म्हणत होता की सगळे रिव्ह्यूवाले विकले गेलेत. मग खरं कोणाचं मानायचं, आणि या वेळी प्री-ऑर्डर करावी का, म्हणजे रिलीजआधीच पैसे भरून ठेवावेत का?

प्री-ऑर्डर करू नकोस. हे छोटं उत्तर झालं. मोठं उत्तर लांबेल, कारण मी आधी पुण्यात गेम टेस्टिंग केलंय आणि त्यानंतर बरीच वर्षं रिव्ह्यू लिहितोय, त्यामुळे दोन्हीकडचा कारभार आतून पाहिलाय.

तुझे तिघंही खरं बोलत असतील. तिघांनी खेळलेली वस्तू एक नव्हती, एवढंच. साइटवाल्याने रिलीजच्या आधीचा बिल्ड (गेमची त्या वेळची आवृत्ती) खेळला, तोही बहुधा महागड्या मशीनवर. स्टीमवाल्यांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या पीसीवर खेळला. युट्यूबरने काय खेळलं ते तोच जाणे. रिव्ह्यू हा गेमचा निकाल नसतो. कुठला बिल्ड, कुठल्या मशीनवर, कुठल्या तारखेला आणि कुठल्या अटींखाली खेळला, याची ती नोंद असते. गुण वाचायच्या आधी या चार गोष्टी शोध. ज्या रिव्ह्यूत त्या नसतील तो करमणूक म्हणून वाच, खरेदीसाठी नको.

अटी म्हणजे काय ते जरा उलगडून सांगतो, कारण बाहेर यावर फारच कमी बोललं जातं.

नशीब चांगलं असेल तर रिलीजच्या आठ-दहा दिवस आधी आम्हा रिव्ह्यूवाल्यांना कंपनीचा मेल येतो. त्यात गेम फुकट उतरवून घ्यायचा कोड असतो, प्लेस्टेशनचा बारा अक्षरी, स्टीमचा पंधरा अक्षरी. खाली एम्बार्गोची वेळ: पॅसिफिक वेळेनुसार सकाळी आठ, म्हणजे तिकडचा उन्हाळा असेल तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. त्याआधी रिव्ह्यू टाकायचा नाही. मग काय दाखवायचं नाही त्याची यादी: अमुक प्रकरणानंतरचं फूटेज नको, तमुक पात्र परत येतं हे लिहू नका, शेवटच्या बॉसचं नाव नको. इथपर्यंत मला काही वावगं वाटत नाही. एम्बार्गोला लोक उगाच शिव्या घालतात. तो नसता तर जो सगळ्यात कमी खेळेल त्याचाच रिव्ह्यू पहिला आला असता.

खरी मेख असते ती सोबतच्या रिव्ह्यू गाइडमध्ये. त्यात एक परिच्छेद ठरलेला: ‘खालील त्रुटी आम्हाला माहीत आहेत, डे-वन पॅचमध्ये, म्हणजे रिलीजच्या दिवशीच्या अपडेटमध्ये, त्या दुरुस्त होतील.’ आता रात्री दोन वाजता माझा गेम तिसऱ्यांदा क्रॅश झाला आणि तो क्रॅश त्या यादीत आहे. लिहायचं की नाही? पुष्कळ जण लिहीत नाहीत. पॅच आला तर आपण खोटे पडू, ही भीती. मी लिहितो. काय दिसलं ते लिहितो आणि पॅच येणार असं कंपनी सांगते हेही लिहितो. शंभर रिव्ह्यू एकाच दिवशी प्रसिद्ध होतात आणि त्यातल्या निम्म्यांत क्रॅशचा उल्लेखही नसतो, त्याचं कारण पाकीट नव्हे. कारण हा परिच्छेद.

‘सायबरपंक २०७७’ आठवतो ना? १० डिसेंबर २०२० ला आला. रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती आणि व्हिडिओत स्वतःचं फूटेज वापरायला बंदी होती. कंपनीने दिलेल्या क्लिपाच लावायच्या. पीसीवरचे गुण नव्वदच्या घरात गेले. ते गुण खोटे नव्हते. चांगल्या पीसीवर गेम खरोखरच जबरदस्त होता, मधूनमधून कोलमडत असला तरी. पण ज्यांनी ते गुण पाहून जुन्या पीएस ४ साठी पैसे मोजले, त्यांच्यासमोर चेहऱ्यांचं टेक्स्चर न उमटलेली माणसं आणि अडखळणारा रस्ता आला. पीएस ४ आवृत्तीचा मेटाक्रिटिकवरचा (सगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करणाऱ्या साइटवरचा) आकडा नंतर साठीच्याही खाली गेला. आठवडाभरातच सोनीने गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. पुन्हा तो तिथे दिसला जून २०२१ मध्ये. रिलीजच्या आधीच ८० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी एकही रिव्ह्यू यायच्या आत निर्णय घेऊन टाकला होता, आणि अटी नीट लिहिलेला रिव्ह्यू आला असता तरी त्यांच्या काही कामाचा नव्हता.

आता हाच गेम २०२३ च्या २.० अपडेटनंतर खेळलास तर वाटेल की लोक उगाच बोंबलत होते. म्हणून तारीख बघ म्हणतो. २०२० चा रिव्ह्यू आज वाचून गेम टाळू नये आणि आजची स्तुती वाचून ‘तेव्हाही चांगलाच होता’ असंही म्हणू नये.

सगळ्यात जास्त चिडचिड मात्र मला एका वाक्याची होते: ‘यांनी टेस्टिंग केलंच नाही का?’ केलं होतं, बाबा. तुला पहिल्या तासात दिसलेला बग टेस्टरला सहा महिने आधी दिसलेला असतो. त्याने तो नोंदवलेला असतो; पायऱ्या लिहून, व्हिडिओ जोडून, ‘दहापैकी दहा वेळा होतो’ असं टाकून. एकच दार शंभर वेळा उघडायचं, कधी पळत येऊन, कधी पाठमोरं, कधी हातात मशाल घेऊन, आणि कितव्या वेळी नायक दारात अडकतो ते टिपायचं, हे काम रोजचं. मग रोजची बैठक होते, बगांची प्रतवारी लागते. गेम बंद पाडणारे एका बाजूला, प्रगती अडवणारे दुसऱ्या बाजूला, नुसते दिसायला वाईट ते तिसरीकडे. तारीख जवळ आली की वरचे लोक भराभर शिक्के मारायला लागतात: ‘वोन्ट फिक्स’ (दुरुस्त करणार नाही), ‘नंतरच्या पॅचमध्ये’. मी स्वतः नोंदवलेले कित्येक बग दुकानातल्या प्रतीत जसेच्या तसे पाहिलेत. कुणाचं दुर्लक्ष झालेलं नसतं. तारीख कुणीतरी आधीच गुंतवणूकदारांना सांगून ठेवलेली असते.

तुला वाटेल, सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट तपासतात ना? तपासतात, पण त्या सर्टिफिकेशनमध्ये गेम चांगला आहे का हे बघत नाहीत. कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबतो का, सेव्ह होताना वीज गेली तर काय होतं, बटणांची नावं बरोबर लिहिलीत का, असल्या गोष्टी असतात. ‘सायबरपंक’च्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेच गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की आम्ही रिलीजपर्यंत सगळं नीट करू असा विश्वास ठेवून आम्हाला पुढे सोडलं गेलं. कन्सोलवर आला म्हणजे पास झाला, हा समज डोक्यातून काढून टाक.

आता ‘विकले गेलेत’ या आरोपाकडे येऊ. यात तथ्य आहे, पण तुझा युट्यूबर म्हणतो तसं नाही. २००७ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनने ‘केन अँड लिंच’ला ६ गुण दिले. त्या वेळी त्याच साइटवर त्याच गेमच्या भल्यामोठ्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमनची नोकरी गेली. कायदेशीर बंधनामुळे त्याला बोलता आलं नाही. २०१२ मध्ये त्याने सांगितलं की कमी गुणांमुळे जाहिरातदार नाराज झाले होते आणि व्यवस्थापनाला तो दबाव पेलता आला नाही. असं उघड प्रकरण क्वचितच घडतं. एरवी दबाव फार सभ्य असतो. एका मोठ्या गेमला मी बेताचे गुण दिले, त्यानंतर एका पीआर एजन्सीकडून मला कोड येणं बंद झालं. भांडण नाही, धमकी नाही. मेल केला की ‘या वेळी कोड मर्यादित आहेत’ असं गोड उत्तर. लहान रिव्ह्यूवाल्याचा सगळा धंदा पहिल्या दिवशीच्या व्हिडिओवर चालतो, त्यामुळे कोड बंद म्हणजे महिन्याची कमाई बंद. समोरच्याला लाच द्यावीच लागत नाही. आपण लिहिताना आपोआप ६ चे ७ करतो.

तुझ्या युट्यूबरलाही तीच कसोटी लाव. शिव्या घालणाऱ्या व्हिडिओला कौतुकाच्या व्हिडिओपेक्षा जास्त व्ह्यूज मिळतात, हे थंबनेल बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे त्याचाही कोणीतरी मालक आहेच, फक्त तो कंपनीत बसत नाही. आणि पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केला असेल तर तसं ठळक सांगायला हवं, अशी आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेची नियमावली जून २०२१ पासून आहे. तो सांगतो का, ते बघ.

मेटाक्रिटिकवर फार वेळ घालवत नाही. तिथे वेगवेगळ्या प्रकाशनांना वेगवेगळं वजन दिलं जातं आणि ते वजन किती हे साइट सांगत नाही. त्या आकड्याने माणसांच्या पगारावर परिणाम होतो हे मात्र लक्षात ठेव. ‘फॉलआउट: न्यू वेगस’ करणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला ८५ गुण मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले ८४. जो गेम आज लोक डोक्यावर घेतात त्याच्या लेखक-प्रोग्रामरांचा बोनस एका गुणाने हुकला.

स्टीमचा ‘मिक्स्ड’ म्हणजे १० पैकी ५ असा अर्थ लावू नकोस. तिथे लोक गुण देतच नाहीत. शिफारस करतो किंवा नाही करत, एवढंच. ४० ते ६९ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं की ‘मिक्स्ड’. तुझ्यासाठी खरा उपयोग खालच्या आलेखाचा आहे. त्यात कुठल्या आठवड्यात नकारात्मक रिव्ह्यूंचा लाल खांब अचानक वाढला ते दिसतं, आणि त्या खांबावर क्लिक केलं की त्याच दिवसांचे रिव्ह्यू उघडतात. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’वर तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले. गेम तोच, तितकाच मजेदार. सोनीने पीसीवाल्यांना पीएसएन (प्लेस्टेशनची ऑनलाइन सेवा) अकाउंट जोडायची सक्ती जाहीर केली होती, आणि अनेक देशांत ती सेवाच उपलब्ध नाही. तीन दिवसांनी सोनीने माघार घेतली. याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणून हिणवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. विकत घेतलेल्या वस्तूच्या अटी मागाहून बदलल्या तर ग्राहकाने ओरडू नये तर काय करावं? पात्राच्या कातडीचा रंग किंवा कथेतलं लग्न पटलं नाही म्हणून लाल अंगठे टाकणाऱ्या झुंडी असतात, तो प्रकार वेगळा. दोन्हीतला फरक पाच रिव्ह्यू वाचले की कळतो. प्रत्येकाच्या वर किती तास खेळून लिहिलंय तेही दिलेलं असतं.

त्याच रिव्ह्यूंत तुझ्या मित्राच्या लॅपटॉपसारखं ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस शोध. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी करत नाही. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीएस ५ वर सुरेख चालायचा. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा शेडर (ग्राफिक्स रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच बराच वेळ जायचा आणि ८ जीबी मेमरीची कार्डंही गुदमरायची. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या लॅपटॉपमध्ये ४ किंवा ६ जीबीचं कार्ड असतं. लाखभराचं कार्ड लावून ‘परफॉर्मन्स उत्तम’ म्हणणाऱ्या माणसाचा तुला काडीचा उपयोग नाही. ऑनलाइन गेमचंही तसंच. व्हॅलोरंटला मुंबईत सर्व्हर आहे म्हणून सुसह्य पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) मिळतो. ज्या गेमचा सगळ्यात जवळचा सर्व्हर सिंगापूरला, त्याचा अमेरिकेतला ९ गुणांचा रिव्ह्यू सांगलीत लागू पडत नाही.

आणखी एक चलाखी आहे, तिच्यावर मी सगळ्यात जास्त डूख धरून आहे. गेम रिलीज होतो, आत खऱ्या पैशांनी वस्तू विकणारं दुकान नसतं, रिव्ह्यू छान येतात. मग दुकान उघडतं. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूएल्ड’ जून २०१९ मध्ये आला. खऱ्या पैशांनी नाणी विकत घ्यायची सोय ऑगस्टमध्ये आली. ‘टेकन ८’ जानेवारी २०२४ मध्ये आला आणि त्याचं दुकान फेब्रुवारीत. समीक्षकांनी जे पाहिलंच नाही त्याबद्दल ते काय लिहिणार? ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ने २०१७ मध्ये ही अक्कल शिकवली असावी. तिथे दुकान आधीच दिसत होतं, डार्थ व्हेडर खेळायला ६०,००० क्रेडिट्स लागणार हे लोकांनी मोजून काढलं, आणि इतका आगडोंब उसळला की प्रकाशक ईएला रिलीजच्या आदल्या रात्री खरेदीच बंद ठेवावी लागली. पुढे बेल्जियमने लूट बॉक्सना (आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायच्या पेट्यांना) जुगार ठरवलं. काहींनी यातून धडा घेतला की दुकान लावू नये, काहींनी घेतला की उशिरा लावावं. मोठ्या रिव्ह्यू साइटींनी दुकान नंतर उघडलं तर गुण बदलायला हवेत. बदलत नाहीत.

इथे जरा घरचं बोलतो. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करताहेत असं जाहीर केलं. ट्रेलर फिका होता, यात वाद नाही. पण खालच्या प्रतिक्रियांत जे आलं, ‘भारतात काम दिलं की असंच होणार’, ते लिहिणाऱ्यांत आपलीच पोरं कमी नव्हती. इतर मोठे गेम ६० डॉलरला असताना प्रकाशकाने या गेमची किंमत ४० ठेवली होती. त्याचं बजेट आणि मुदत कुठे ठरली असेल? प्रकाशकाच्या टेबलावर, पुण्यात नव्हे. २०२२ मध्ये काम युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं. तिकडेही ते काही पटकन उरकलं नाही, तेव्हा मात्र शिव्यांचा आवाज बराच खाली आला होता.

उलटा प्रकारही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, तेव्हा घरचा गेम म्हणून ९ द्या असा आग्रह मला ओळखीच्या कितीतरी जणांनी केला. छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे त्यातले कथेचे प्रसंग, राजस्थानी वळणाच्या कमानी, हे सगळं मी आजही कौतुकाने दाखवतो. पण कॅमेरा हातात नसल्यामुळे उड्या चुकतात आणि मारामारी तिसऱ्या तासाला तोचतोचपणाकडे झुकते. दोन्ही लिहिलं. ज्यांनी तो घडवला त्यांना सगळ्यात कमी उपयोग आपल्या खोट्या ९ चा असतो.

मालकीबद्दल थोडंसं, कारण पाच हजार देऊन तुझ्या हातात काय येतं हा प्रश्न तू विचारला नाहीस. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचाही गेम कायमचा गेला. त्यावरून युट्यूबर रॉस स्कॉटने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम सुरू केली. युरोपातल्या तिच्या निवेदनाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्या ओलांडल्या. डिजिटल खरेदी म्हणजे खेळायचा परवाना, एवढं धरून चाल. एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट लागत असेल तर मी त्याला पूर्ण किंमत देत नाही.

मग तू काय करायचं. रिलीजनंतर निदान दहा दिवस थांब. रिव्ह्यू रिलीजच्या दोन-तीन दिवस आधी खुले झाले तर कंपनीला स्वतःच्या मालाची खात्री आहे असं समज. रिलीजच्याच तासाला एम्बार्गो सुटला तर सावध हो. पीएस ५ वर डिस्कवाला गेम घे, डिजिटल नको. पूर्ण करून महिन्याभरात विकलीस तर बऱ्यापैकी पैसे परत येतात, आणि कॉलेजात तिघांत मिळून एक डिस्क फिरवण्यावर कोणाची बंदी नाही. मित्राच्या लॅपटॉपवर घ्यायचा असेल तर स्टीमवरच घ्या: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास पात्राचे केस आणि नाक निवडण्यात घालवू नका. सेटिंग्ज लावा, थेट गर्दीच्या शहरात किंवा मोठ्या लढाईत शिरा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात ते) बघा. शेडर तयार होण्याचा वेळही त्या दोन तासांत मोजला जातो, म्हणून घड्याळ लावून बसा.

डिस्क घेताना मात्र डब्याची मागची बाजू वाच. गेम डिस्कवर आहे की नुसता डाउनलोड करायचा आहे, ते तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. डब्यात डिस्कऐवजी कोडाचा कागद असेल तर दुकानदाराला तिथल्या तिथे परत दे, कारण एकदा वापरलेला कोड पुढे कोणी विकत घेत नाही.